बाटलीतली गोचीड

त्या वर्षी ओनिस्याचे बटाटे सगळ्यांत शेवटी जमिनीत गेले. कीझशूर गावच्या चढावर घरोघरच्या परसात काळ्या ओळी उठल्या, लोक फावडी धुऊन मोकळे झाले, आणि मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ती अजून तिसऱ्याच ओळीत होती. फावडं खोचायचं, त्यावर पाय द्यायचा, ढेकूळ उचलून धरायचं. नवऱ्यानं, मिकोलनं, कोंब वर करून खड्ड्यात बटाटा ठेवायचा. मग पुढच्या खड्ड्याची माती मागच्यावर लोटायची. दोघांचं काम. पण मिकोल पालथ्या बादलीवर बसून बटाटे ठेवत होता. पुढं सरकायचं तर आधी गुडघा दाबत उठायचा, बादली ढकलायचा, पुन्हा बसायचा. तेवढा वेळ ती ढेकूळ तोलून उभी. दंड भरून येत होते.

रस्त्यानं ट्रॅक्टर चालला होता. ट्रॅक्टरवाल्यानं मुद्दाम वेग कमी केला.

"मिकोल, बादली उबवली का रे? अंडं घातलंस तर सांग."

मिकोल हसला. हल्ली तो असल्या बोलण्यावर सगळ्यांच्या आधी हसायचा. ओनिस्या हसली नाही. तिनं फावडं जरा जास्तच जोरात खोचलं.

"हसतोस काय," ती म्हणाली. "वीस वर्षं लाकडाच्या गिरणीत दोघांचं काम एकट्यानं ओढलंस तो तूच ना? आता एक बटाटा उचलायला तुला अर्धा दिवस लागतो."

"गुडघा वळत नाही गं."

"जेवायला बसताना बरा वळतो."

हे असं वर्षभर चाललं होतं. गेल्या उन्हाळ्यात गवताच्या कापणीला तीन दिवस गेला आणि चौथ्या दिवशी उठलाच नाही. आधी म्हणाला अंग मोडून आलंय, मग म्हणाला गुडघे, मग म्हणाला डोकं. शरद ऋतूत एका सकाळी उठला तो तोंड एका बाजूला लोंबत होतं. डावा डोळा मिटेना, चहा ओठातून गळायचा. गावानं म्हटलं, घरची दारू, कुमिश्का, ढोसून उघड्या दारात झोपला असेल, वारं लागलं. ओनिस्यानंही तेच धरलं. घरात होती नव्हती तेवढी दारू तिनं शेणाच्या खड्ड्यात ओतली. महिन्याभरात तोंड सरळ झालं, पण माणूस काही सरळ झाला नाही. दवाखान्यात जा म्हटलं तर म्हणायचा, काय सांगू जाऊन, दमलोय म्हणून सांगू?

नदीकाठचं गवताचं रान सासऱ्याचं, दोन भावांत अर्धं अर्धं. थोरला भाऊ पाच वर्षांमागं वारला, त्याची बायको पालागा आपला भाग माणूस लावून कापून घ्यायची. गेल्या साली मिकोलचा भाग ऑगस्टपर्यंत उभाच राहिला. पाऊस येणार असं दिसल्यावर पालागानं तोही कापून घेतला आणि स्वतःच्या कोठारात भरला. ओनिस्या तिच्या फाटकात जाऊन उभी राहिली होती. तोवर जन्मात जिला 'तुम्ही' शिवाय हाक मारली नाही, त्या थोरल्या जावेला ती म्हणाली, "माझ्या गाईच्या तोंडचं गवत चोरलंस तू." पालागा म्हणाली, "उभं सडलं असतं तर गाईच्या तोंडी काय गेलं असतं?" एवढंच. डिसेंबरात दोन गाईंतली एक विकावी लागली. तेव्हापासून विहिरीवर दोघी एकमेकींची बादली भरून होईपर्यंत लांब थांबायच्या.

शनिवार म्हणजे वाफेच्या न्हाणीचा दिवस. संध्याकाळी ओनिस्यानं न्हाणीतले दगड तापवले, आधी मिकोल जाऊन आला, मग ती. साबण लावताना पाठीवर, दोन फऱ्यांच्या मधोमध, बोटाच्या टोकाला काहीतरी लागलं. मसूराच्या दाण्याएवढं. ओढलं तर कातडी ओढली गेली.

सकाळी ती कुंपणासाठी काठ्या तोडायला वनात गेली होती. गवत कमरेइतकं होतं.

ती अंगाभोवती चादर गुंडाळून घरात आली, खिडकीपाशी पाठमोरी बसली. "बघ काय आहे."

मिकोलनं चष्मा लावला. "गोचीड आहे. डोकं आत आहे."

"मग काढ की. चिमटा फळीवर आहे."

त्यानं चिमटा घेतला. तिला पाठीवर त्याचा श्वास लागत होता. चिमट्याचं थंड टोक कातडीला टेकलं, सरकलं, पुन्हा टेकलं, पुन्हा सरकलं. एकदा मांसच चिमटलं. तिनं ओठ दाबले.

"काय करतोयस?"

"पकडलंय की नाही तेच कळत नाही," तो म्हणाला. "बोटांना लागतच नाही काही."

"लागत नाही म्हणजे?"

"मुंग्या येतात. सुन्न असतात. थंडीपासूनच."

चिमटा त्याच्या हातातून खाली पडला. तो उचलायला तो वाकला, गुडघा वळेना म्हणून भिंतीला धरून वाकला. ओनिस्या उठली.

"राहू दे. एवढं पण होत नाही तुझ्यानं."

नर्सबाई फाइना शनिवार-रविवार तालुक्याला आपल्या घरी जायची, दवाखान्याला कुलूप. आईनं लहानपणी अशी गोचीड तेलात बुडवून काढलेली तिला आठवत होती. तिनं तेलाची बाटली खाली घेतलीसुद्धा, पण पाठीवर आपलं आपण काय ओतणार. शेजारचं घर कुलपात, पलीकडं म्हातारा एकटा, त्याच्यापुढं पाठ उघडी करणार नव्हती ती. उरलं एकच घर. पालागानं पंचवीस वर्षं सामुदायिक गोठ्यावर जनावरांच्या डॉक्टरच्या हाताखाली काम केलं होतं.

फाटक ढकलताना ओनिस्याच्या ओल्या केसांतून पाणी मानेवर येत होतं. पालागा ओट्यावर बसून पाल्याचा रस्सा करायला खाजकुयलीसारखी खाजरी कोवळी पानं निवडत होती, हातात जुने मोजे घालून. तिनं मान वर केली.

"जाऊबाई," ओनिस्या म्हणाली. नऊ महिन्यांनी तो शब्द तोंडात आला. "पाठीत गोचीड रुतलीय."

"मिकोल कुठाय?"

"त्याला जमेना."

पालागानं मोजे काढले. "आत ये. उजेडात बस. तेल-बिल ओतलंस का?"

"नाही."

"ते एक बरं केलंस. तेलानं गुदमरली की पोटातलं सगळं तुझ्या रक्तात ओकते. सदरा काढ."

ओनिस्यानं सदरा काढला. आपण बावन्न वर्षांच्या, पाठीवर हाडं वर आलेली, आतला कपडा दोन ठिकाणी शिवलेला. पालागाच्या नजरेतून यातलं काही सुटणार नाही हे तिला माहीत होतं. खिडकीतून कोठार दिसत होतं, तेच, गेल्या सालच्या गवताचं. तिनं डोळे दुसरीकडं वळवले.

पालागानं हात साबणानं धुतले, एक बारीक टोकाचा चिमटा दारूच्या बोळ्यानं पुसला. डाव्या हातानं कातडी ताणली. "पोट दाबायचं नसतं. अगदी कातडीजवळ धरायचं, आणि सरळ वर. हिसका नाही. हलू नकोस."

ओनिस्याला वाटलं होतं झटक्यात होईल. पण ओढ अगदी हळू होती, एकसारखी, दाराच्या फटीतून दोरा काढावा तशी. कातडी वर उचलली गेली, तशीच राहिली, राहिली, आणि मग सुटली.

"निघाली. डोक्यासकट. पाय हलवतेय बघ."

"चुलीत टाका."

"चुलीत कशाला? हिला तपासायला न्यायची." पालागानं औषधाची रिकामी बाटली शोधली, पाण्यात भिजवून पिळलेला कापसाचा बोळा आत टाकला, वर ती गोचीड सोडली, झाकण लावलं. मग त्या जागी आयोडीन लावलं. "सोमवारची सहाची बस धर. तोवर बाटली तळघरात ठेवते, थंडाव्यात. जिवंत राहिली तर तपासणी नीट होते."

"सोमवारी? बटाटे अर्धे राहिलेत. गाय कोण पिळणार? तो बसतो तिथून उठत नाही."

"गाय मी पिळीन."

"एका गोचिडीसाठी एवढा खटाटोप. लहानपणापासून किती चावल्या."

पालागा चिमटा उकळत्या पाण्यात टाकत होती. पाठ न वळवता म्हणाली, "गोठ्यावर माझ्याबरोबर वास्सा होती, आठवते? तीही असंच म्हणाली होती. मेंदूज्वरानं गेली ती. मी दोनदा सांगितलं होतं, तिसऱ्यांदा सांगायला हवं होतं. तुला तिसऱ्यांदाही सांगेन, मग तू मला पुन्हा चोर म्हण."

ओनिस्या सदऱ्याची बटणं लावत होती. एक बटण तिनं चुकीच्या काजात घातलं आणि पुन्हा काढलं. "सोमवारी जाईन," ती म्हणाली.

सोमवारी बसमध्ये तिनं बाटली रुमालात गुंडाळून मांडीवर धरली होती. तालुक्याच्या प्रयोगशाळेचा बोळ माणसांनी भरलेला. कुणाकडं काडेपेटी, कुणाकडं मुरंब्याची बरणी, एका बाईच्या पिशवीत लेकराच्या खेळण्याची डबी. काचेच्या खिडकीमागं पांढऱ्या टोपीतली बाई. ओनिस्याच्या पुढं एक म्हातारा होता, त्यानं काचेच्या पेल्यात तेलात बुडवून गोचीड आणली होती.

"आजोबा, ही तळायला आणलीत का?" खिडकीतली बाई म्हणाली.

"आमच्यात तेलातच बुडवतात."

"पुढच्या वेळी ओल्या कापसात आणा. तेलातली तपासता येत नाही. तुम्ही आत डॉक्टरांकडं जा, चावा दाखवा."

रांगेत उभं राहून ओनिस्यानं भिंतीवरचं चित्र पाहिलं. आधी नुसतंच पाहिलं. कुणाचीतरी मांडी, तिच्यावर एक लाल ठिपका, भोवती फिकट जागा, आणि त्याच्या भोवती मोठं लाल कडं, तळहाताएवढं. खाली लिहिलं होतं की चाव्यानंतर महिन्याभरात असं कडं दिसलं, खाज नसली, दुखत नसलं, तरी डॉक्टरांकडं जावं.

असं कडं तिनं पाहिलं होतं. गेल्या जूनमध्ये, मिकोलच्या मांडीवर. वासराला गजकर्ण झालं होतं त्याच दिवसांत, म्हणून तिनं त्यालाही गजकर्णच म्हटलं. भूर्जाच्या सालीचं डांबर तिनं स्वतःच्या हातानं चोळलं होतं. तो म्हणाला होता, खाजत तर नाही. ती म्हणाली होती, तुझी कातडीच जाड. दोन आठवड्यांनी कडं गेलं, तिला वाटलं डांबरानं गेलं.

"पुढं या. पुढं या, बाई."

तिनं बाटली खिडकीतून दिली. नाव, गाव, कधी चावली, कुठं, काढली कुणी. "छान काढलीय," बाई म्हणाली, बाटली उजेडात धरून. "उद्या सकाळी फोन येईल. मेंदूज्वर आणि लाइम, गोचिडीचे दोन्ही आजार बघतो. पुढचं."

ओनिस्या हलली नाही.

"पुढचं, बाई. मागं लोक आहेत."

"ते कडं," ओनिस्या म्हणाली. "वर्षापूर्वी आलं असेल तर?"

"तुम्हाला?"

"नवऱ्याला."

खिडकीतल्या बाईनं पेन खाली ठेवलं. "औषध घेतलं होतं?"

"डांबर लावलं. मी."

"त्यानंतर काही त्रास? गुडघे सुजतात?"

"हो."

"थकवा?"

"हो."

"तोंड वाकडं झालं होतं का कधी?"

"हो," ओनिस्या म्हणाली. मागची माणसं गप्प झाली होती, तिला ते पाठीवर जाणवत होतं. "बोटांना मुंग्या येतात. चिमटा धरवत नाही."

"मी डॉक्टर नाही," बाई म्हणाली, आवाज उतरवून. "पण त्यांना घेऊन या. रक्त तपासावं लागेल. याच आठवड्यात या, पुढच्या नको."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. कुणी ओळखीचं नव्हतं हे बरं होतं. वर्षभरात काय काय बोललो ते एकेक आठवत गेलं, आणि आठवायचं थांबवता येत नव्हतं. आळशी. ऐतखाऊ. माझ्या नशिबाला बांधलेलं लाकूड. एकदा त्याच्या पुढ्यातलं ताट तिनं उचलून नेलं होतं, आधी काम कर म्हणून. तो उठून लाकडं फोडायला गेला होता, आणि चार ओंडक्यांनंतर ओंडक्यावरच बसून राहिला होता.

ती पोचली तेव्हा तो अंगणात होता. बटाट्याची एक ओळ त्यानं एकट्यानं पुरी केली होती. सकाळपासून, गुडघ्यांवर रांगत. विजारीला गुडघ्यांपाशी चिखल होता. पालागा गाय पिळून, दूध गाळून, झाकून गेली होती.

"काय म्हणाले?" त्यानं विचारलं.

"उद्या कळेल माझं." ती त्याच्यासमोर उभी राहिली, मग खाली मातीतच बसली. "मिकोल, गेल्या साली तुझ्या मांडीवर कडं आलं होतं."

"गजकर्ण."

"गजकर्ण नव्हतं ते."

तिनं सांगितलं. चित्राचं, खिडकीतल्या बाईचं, एकेका प्रश्नाचं. तो ऐकत होता, हातातला बटाटा फिरवत. ती बोलायची थांबली तरी फिरवत राहिला.

"म्हणजे आजार आहे हा," तो म्हणाला.

"असेल. रक्त बघतील."

"मला वाटायला लागलं होतं," तो म्हणाला. "मलापण वाटायला लागलं होतं की मी आळशीच आहे. सगळेच म्हणतात म्हटल्यावर असेल. रोज ठरवायचो, उद्या उठायचं. आणि उठवायचंच नाही."

ओनिस्यानं तोंडावर पदरासारखा डोक्याचा रुमाल धरला. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. बटाटा खड्ड्यात ठेवला, कोंब वर करून, आणि हातानंच माती लोटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. मेंदूज्वर नाही, लाइमचे जंतू गोचिडीत सापडले. फाइना नर्सबाईनं डॉक्टरांशी बोलून त्याच दुपारी तिला गोळ्या सुरू केल्या. "गोचिडीत आहे म्हणजे तुझ्यात आलंच असं नाही," ती म्हणाली. "पण तीन दिवसांच्या आत आलीस, म्हणून एवढ्यावर भागलं. दुधाबरोबर घेऊ नकोस. उन्हात जपून. महिनाभर जागा बघत राहा, आणि महिन्यानं रक्त दे. आत्ता दिलंस तर काही दिसायचं नाही."

पाच दिवसांच्या गोळ्या. ओनिस्यानं ते पाकीट तळहातावर धरून पाहिलं. एवढंसं होतं.

मिकोलचं एवढ्यावर भागलं नाही. रक्तात आजार निघाला, जुना, सांध्यांत आणि नसांत गेलेला. आधी दहा दिवस तालुक्याच्या इस्पितळात, मग गावात. रोज दुपारी फाइना पिशवी घेऊन यायची, शिरेत औषध सोडायची. एकूण अठ्ठावीस दिवस. त्याचे दंड निळे पडले. औषध चढायचं त्या वेळात ओनिस्या त्याच्या शेजारी स्टुलावर बसायची, काही कामाशिवाय. आमच्या गावात बाई दिवसाउजेडी काम नसताना बसलेली कुणी पाहिली नव्हती. ट्रॅक्टरवाला एकदा दारात आला, टोपी हातात घेऊन, लोण्याचा डबा ठेवून गेला.

डॉक्टरनी शेवटच्या भेटीत स्पष्टच सांगितलं. थकवा जाईल, हळूहळू. बोटं बहुतेक परत येतील. डावा गुडघा जेवढा गेला तेवढा गेला. "सुरुवातीला आला असतात तर," एवढं म्हणून ते थांबले, कारण ओनिस्या त्यांच्याकडंच बघत होती.

जुलैतला पेत्रोवचा सण झाला की आमच्याकडं गवताला हात घालतात. आदल्या दिवशी ओनिस्या पालागाकडं गेली. कढईतले गरम तबान, आंबवलेल्या पिठाचे जाड घावन, फडक्यात बांधून नेले होते.

"जाऊबाई, यंदा दोन्ही भाग एकत्रच कापू. कोठार तुमचंच वापरू. मग वाटून घेऊ."

पालागानं फडकं सोडलं, एक तबान मोडून तोंडात टाकला. "मीठ कमी आहे," ती म्हणाली. मग फडकं पुन्हा बांधत म्हणाली, "त्या वेळी मी तुला विचारायला हवं होतं. कापायच्या आधी."

"मी नाहीच म्हटलं असतं."

"तरी."

पहाटे दव असतानाच तिघं रानात उतरली. दव असलं की पातं नीट चालतं. पालागा पुढं, तिच्या मागं तिरपी ओनिस्या, सगळ्यांत शेवटी मिकोल. सगळ्यांनी विजारी मोज्यांत खोचल्या होत्या, बाह्या बांधल्या होत्या. नदीवर धुकं होतं. लांब दांड्याच्या विळ्यांचा आवाज एकामागून एक येत होता, पालागाचा छोटा, ओनिस्याचा लांब. मिकोलचा अडखळत.

ओनिस्यानं मागं वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पण ती आवाज मोजत होती. बारा. तेरा. मग थोडं थांबून चौदा. दोन वर्षांपूर्वी तो एका दमात नदीपर्यंत जायचा आणि तिकडून ओरडून तिला चिडवायचा. सतरा. अठरा. मग आवाज आलाच नाही.

ती वळली. तो विळ्याच्या दांड्यावर भार देऊन उभा होता, सदरा पाठीला चिकटलेला. त्याच्या मागं कापलेल्या गवताची पट्टी होती, वाकडीतिकडी, आठ-दहा पावलांची.

"ओनिस," तो म्हणाला, "बसू का जरा?"

विचारताना त्यानं मान थोडी खाली घातली होती, मुकादमासमोर घालावी तशी. हे त्यानं आज प्रथमच विचारलं नव्हतं. वर्षभर तो असंच विचारत आला होता, आणि तिनं ते विचारणं कधी ऐकलंच नव्हतं, फक्त उत्तर दिलं होतं.

पुढं पालागाचा विळा थांबला नव्हता. ऊन चढायच्या आत अजून पुष्कळ गवत पडायचं होतं. ओनिस्यानं आपला विळा पातं खाली करून गवतात ठेवला, पट्टी अर्धी सोडून त्याच्यापाशी चालत गेली आणि त्याच्या आधी, ओल्या गवतात, आपण खाली बसली.